वाचणारं बोट

आमच्या अंधशाळेच्या फाटकात चैत्रालीचा उजवा अंगठा आणि तर्जनी चिरडली.

डॉक्टर मला म्हणाले, “बाई, दोन्हींच्या टोकाचा सांधा मोडलाय. अंगठ्याचा वाचवायलाच हवा, टोकाकडे तेवढा एकच असतो. तर्जनीला मध्ये आणखी एक आहे. तिचं टोक ताठ, बधिर राहिलं तरी अडत नाही.”

“माझं अडतं. मी त्याच बोटानं वाचते,” चैत्राली रडत म्हणाली. “अंगठा राहू दे, ते बोट नीट करा.”

“तिथली स्पर्शाची शीर तुटलीय गं,” डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी मी ब्रेलचं पुस्तक उघडून तिचं डावं बोट ओळीवर टेकवलं.

“नुसते खडे लागतात, बाई.”

“पहिलीत उजव्यालाही खडेच लागायचे.”

“दोन वर्षं लागली त्याला,” ती म्हणाली आणि बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं.