टिपणीस मास्तरांचं पहिलं शिबिर

टिपणीस मास्तरांनी भरवलेल्या पहिल्याच उन्हाळी शिबिरात वावटळीने मुलांचे तंबू उडवले. इजा कोणालाच झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी धास्तावलेले पालक एसटीने येऊन थडकले.

“पोरं वाऱ्यावर सोडलीत काय, मास्तर?” वखारवाले कोठावळे कडाडले. “बबन, सामान भर!”

शिबिर मोडल्यातच जमा होतं. मास्तरांनी मान खाली घातली.

घरी पेलाही न उचलणारा बबन घामाघूम होऊन तंबू उभारत होता. “बाबा, आधी हा दोर धरा. सुटला तर तंबू पडेल!”

कोठावळ्यांनी दोर धरला. मग कोट काढून ते खुंटी ठोकायलाच बसले. बाकीचे पालकही पुढे सरसावले.

संध्याकाळी बबनला तिथेच ठेवून एसटीत चढताना कोठावळे डाफरले, “खुंट्या कुचकामी आहेत, मास्तर. पुढच्या वर्षी आमच्या वखारीतल्या न्या!”

कालपासून घास न उतरलेल्या मास्तरांना कडकडून भूक लागली.