घट बसल्यावर बघ

“पहिली मुलाखत पार पडली, की चप्पल काढायच्या आधी दुसरीची तयारी धरा,” आयटीआयतले सर कधीकाळी बजावायचे. निशिगंधानं तेच केलं. महाळुंगेच्या कंपनीत क्वालिटीच्या, म्हणजे माल तपासायच्या नोकरीची पहिली मुलाखत ती सकाळीच पार करून आली. दुसरी गुरुवारी होती. तिनं जाडी मोजायचा व्हर्निअर काढून सरावासाठी वाटीचा काठ त्याच्या जबड्यांत धरला. “पितरांच्या पंधरवड्यात नवं काम धरायचं न्हाई. घट बसल्यावर बघ,” सासूबाई कडाडल्या. “तोवर जागा भरेल, आत्या.” “भरू दे!” नवऱ्यानं व्हर्निअर हिसकावून फरशीवर आपटला. “लई शहाणी झालीस!” तिनं तो उचलला, जबडे मिटवून शून्य जुळतंय का पाहिलं. “मागच्या साली याच पंधरवड्यात गाडी आणलीत तुम्ही. तेव्हा पितर कुठं गेले होते? खरं बोला.” त्याचा आवाज ओरडतानाच चिरकला. “त्याच जागेला मीबी गेलतो. पहिल्याच मुलाखतीत हाकललं मला.”