करडाची हाक

झोळी हलली तसा सगुणाने कोयता थांबवला. कापलेल्या उसाच्या कडेला, बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत जावेचं तान्हं पोर झोपलं होतं आणि बिबट्या झोळीपाशी उभा राहून वास घेत होता. टोळीतले गडी मोळ्या घेऊन लांब ट्रककडे गेले होते.

"वरडू नगं गं," सगुणाने जावेचं तोंड दाबून धरलं. "बिथरला तर पोर घिऊन पळंल."

मग सगुणाला आपली ती नक्कल आठवली. आईपासून चुकलेल्या करडाचा आवाज ती असा काढायची, की शेळ्या दावं तोडून धावत यायच्या आणि सगळी टोळी हसून हसून लोळायची.

"त्यो माझ्याकडं वळला की मागनं जा, पोराला उचल."

ती वाकून उसात शिरली. आधी नुसती हवाच बाहेर आली. मग बारीक, केविलवाणं 'बेंऽऽ' उमटलं. बिबट्याचे कान वळले. झोळी सोडून तो पाचट तुडवत तिच्या दिशेने येऊ लागला. आपल्याला हे इतकं हुबेहूब जमतं, याची तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच्या मागे जावेने पोर छातीशी धरलेलं तिला दिसलं. जागं झालेल्या पोराने रडायला तोंड उघडलं.

त्याचा आवाज फुटायच्या आत सगुणा पुन्हा ओरडली, आधीपेक्षा कोवळं, आधीपेक्षा मोठ्यानं.