तुरा

बाबांचं सैन्यात कोर्ट मार्शल झालं होतं, हे समुद्रपूरच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. का झालं, ते आई आणि मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. दारू प्याला असेल, बंदूक विकली असेल, असे तर्क चालायचे. कोणी तोंडावर विचारलंच तर बाबा सांगत, "हुकूम मोडला, बाप्पा. जेल झाली, नोकरी गेली. वांगे किती देऊ?"

गेल्या महिन्यात बाबा गेले. मेलेल्या माणसाला माफ करायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून गावानं शोकसभा ठेवली. 'वीर जवान श्रावण मडावी' असा फलकही लागला. आयोजक भूपेंद्रभाऊंनी आईला शाल दिली. आई पुटपुटली, "जिते होते तं हाच मिरच्या फुकट मागे."

मग भूपेंद्रभाऊ मोरपिसांचा तुरा घेऊन माझ्याकडे आले. "ताई, पाहुणे अजून यायचे आहेत, लोकं कंटाळून राह्यले. तुम्ही गोंड लोकं तं नाचण्यात एक नंबर! बांधा हा तुरा, होऊन जाऊ द्या दोन मिनिटं."

मी बाबांच्या फोटोकडे पाहत राहिले. आई माझ्या कानाशी आली. "नाई म्हणजो, पोरी. आता कोणाची नोकरी जाते?"



मेसमधल्या पार्टीत साहेबांनी बाबांना दिलेला हुकूम अगदी हाच होता. त्यात फक्त 'ताई' नव्हतं.