शेवटी तिनं रडलं पाहिजे

गोष्टीतली बाई शेवटी रडत का नाही, एवढाच पाठ्यपुस्तक मंडळाचा प्रश्न होता. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला पाच पुरुष बसले होते. समोर, नोकरी मागायला आल्यासारखी, त्या गोष्टीचा अनुवाद करणारी बाई. ती निवृत्त नर्स. आफ्रिकेतल्या एका गावात तिनं चौदा वर्षं बाळंतपणं केली, तिथेच तिथली भाषा शिकली आणि त्या गावच्या लेखिकेची ही गोष्ट थेट त्या भाषेतून आपल्या भाषेत आणली. नववीच्या पुस्तकात ती यावी म्हणून गुडघे धरत तिसऱ्यांदा हे जिने चढली होती. लिफ्ट होती, पण ती सदस्यांसाठी.

गोष्ट चारच पानांची. नवरा मेलेल्या बाईला कोणत्या दिराच्या घरी धाडायचं हे ठरवायला गावातले म्हातारे जमतात. ती सगळं मुकाट ऐकून घेते. शेवटी म्हणते, "मला कुणी विचारलं?" आणि उठून चालू लागते. संपली गोष्ट.

अध्यक्षांना गोष्ट फार आवडली होती, निदान ते तसं म्हणाले. वाचली होती की नाही देव जाणे. पण उद्या चौदा वर्षांच्या पोरी हे वाचणार, घरी जाऊन बापाला हेच ऐकवणार, आणि मग पालक कुणाच्या अंगावर येणार? मंडळाच्याच ना? शेजारच्या सदस्यानं मान हलवली. तो प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. त्यापेक्षा छतावरचा पंखा परवडला, निदान वारा तरी देतो.

मग आफ्रिकावाले सर बोलू लागले. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं आणि ते त्यांनी कौतुक म्हणून घेतलं होतं. आफ्रिकी साहित्यातली भाषा आणि स्त्री यावर त्यांची तीन जाडजूड पुस्तकं होती, तिन्ही इंग्रजी पुस्तकांवरून उतरवलेली. तिथे ते एकदा जाऊन आले होते. चार दिवसांची परिषद, हॉटेलातून सभागृहात आणि सभागृहातून हॉटेलात. तिथली भाषा विचाराल तर एकही नाही. त्यांचं म्हणणं, लेखिकेनं गावच्या भाषेत लिहिलं हीच मुळात चूक. इंग्रजीत लिहिलं असतं तर जगभर नाव झालं असतं, आणि सरांनाही वाचता आलं असतं. शिवाय तिथली स्त्री मूक असते हा त्यांचा सिद्धांत होता आणि त्याला पुरस्कारही मिळालेला. आता ही बाई तोंड उघडते म्हणजे अनुवादच चुकला असणार, दुसरं काय!

"सिस्टर, तिथली स्त्री असं बोलत नाही," सर समजावणीच्या सुरात म्हणाले.

"माझ्याशी बोलायच्या, सर," नर्स म्हणाली. "कळा सुरू झाल्या की नवऱ्यापासून सासऱ्यापर्यंत एकेकाचा उद्धार व्हायचा. मलाही सोडलं नाही."

कुणीतरी खोकलं. कळा हा शब्द त्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आला होता. जन्मले मात्र सगळे तसेच होते.

अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. बाईनं 'मला कुणी विचारलं?' म्हणायच्या जागी फक्त एक हुंदका द्यायचा, मग म्हाताऱ्यांना पाझर फुटेल आणि ते तिला माहेरी जाऊ देतील. मुलांवर करुणेचा संस्कारही होईल. नर्सनं सांगून पाहिलं की लेखिकेनं ही गोष्ट आधी आपल्या निरक्षर आईला वाचून दाखवली होती, आणि त्या वाक्यावर म्हातारीनं मांडीवर थाप मारली होती. माझं नाव काढा, मानधन नको, पण तेवढं एक वाक्य राहू द्या, इथपर्यंत ती खाली आली. इतकं तिनं आयुष्यात कुणाला विनवलं नव्हतं.

"एका वाक्याचा तर प्रश्न आहे, बाई. हट्ट कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"एकाच वाक्याचा प्रश्न आहे, तर पाच जण कशाला बसलात?"

तिनं कागद गोळा केले. रडू येत होतं. पण ते या पाच जणांसमोर काढायचं नाही, एवढं नक्की होतं. "गोष्ट मी परत नेतेय," असं सांगून ती सरळ बाहेर पडली. तिला थांबवावं असं कुणालाही वाटलं नाही.

दार लागलं तशी अध्यक्षांनी वरून आलेला आदेश पुन्हा वाचला. परदेशी लेखिकेचा एक धडा सक्तीचा होता, आणि पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं.

"आता लेखिका कुठून आणायची?" त्यांनी विचारलं.

आफ्रिकावाल्या सरांनी पेनाचं टोपण काढलं. "मी देतो ना लिहून. वर तिथलं एखादं बाईचं नाव टाकू."

"गोष्टीतली बाई रडेल ना?"

"पहिल्या ओळीपासून," सर म्हणाले.