कमांडर गेली

"कमांडर गेली!" अल्तमश लांबूनच ओरडत आला, आणि फाट्यावरच्या चिमाजीबाबांच्या टपरीवर बसलेल्या नाथाचा अर्धा चहा नव्या शर्टावर सांडला.

आठ दिवस! सलग आठ दिवस नाथानं पिक्चरचं असलं काही कानावर पडू दिलं नव्हतं. मोबाइलवरचे सगळे ग्रुप बंद केले होते, सलूनमध्ये चार टाळकी बसलेली दिसली म्हणून दाढी तशीच ठेवली होती, सख्ख्या मेहुण्याचा फोन दोनदा कापला होता. कारण यंदाच्या उन्हाळ्यात दोन पिक्चर आले आणि त्यापायी कांद्याच्या शेडमध्ये उभी फूट पडली. निम्मे लोक मशीनगनवाल्या पिक्चरचे, निम्मे यानवाल्याचे. कांदा निवडता निवडता रोज भांडण. मशीनगनच्या बाजूनं अल्तमश एकटाच दहांना भारी. "चारशे माणसं मारली अन् हिरोचा भांग नाय मोडला! याला म्हणत्यात पिक्चर!" यानवाला त्यानं पाहिला होता तो निव्वळ शिव्या घालायला. शेडमधल्या मालनबाईंनी दोन्हींपैकी एकही पाहिला नव्हता, पण त्यांचं मत सगळ्यांत पक्कं. "इतके दिवस यानात राहत्यात, अन् एकाच्याही हाताला पीठ नाय लागलेलं."

नाथा यानवाल्याचा भक्त. शाळेत असल्यापासून त्यानं आधीचे तिन्ही भाग पाहिलेले. त्यातली ती लोखंडी हाताची कमांडर म्हणजे त्याचं दैवत. तिसऱ्या भागात ती यान घेऊन एकटीच काळ्या विवरात शिरली आणि पडद्यावर अंधार झाला. ती वाचली की मेली, या काळजीत बिचाऱ्यानं दोन वर्षं काढली होती. शेडचा शेठ अमावास्या पाळणारा, म्हणून आज कुठं सुट्टी मिळाली. उद्या शुक्रवार, उद्या पिक्चर उतरणार. एकच्या गाडीनं पिंपळगाव, तिथून एसटीनं नाशिक, चारचा खेळ. तिकिटं सोबत निघालेल्या शेखरच्या मोबाइलमध्ये. आणि अशा वेळी हा अल्तमश!

हा माणूस घात करणार, हे नाथाला माहीतच होतं. "जास्त बोलला तर शेवट सांगून टाकीन," असा धाक घालून त्यानं आठवडाभर नाथाच्या डब्यातली शेवभाजी हाणली होती.

नाथानं उडी मारून त्याची गचांडी धरली. "शेवभाजी खाऊन उलटला का रे? शपथ घेतली होती ना तू?"

"अरे, पण गेली ना भो! माझ्या डोळ्यांदेखत गेली!"

"आणखी सांगतोय बघ!" शेखरनं मागून त्याच्या तोंडावर हात दाबला. अल्तमशनं तो हिसडून काढला.

"मी तुमच्यासाठी ऊर फुटेस्तोवर पळत आलो, अन् तुम्ही मलाच मारता? हात केला, बोंबललो, पण थांबलीच नाय. नुसता धूर सोडत गेली!"

धूर म्हटल्यावर नाथाची खात्रीच पटली. तो बाकड्यावर बसला. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"एकटीच गेली का रे?" त्यानं विचारलं.

"एकटी कुठली? चौदा जण होते. दोघं तर मागं लोंबकळत होते."

"अरे देवा!" शेखरनं कपाळावर हात मारला. "अख्खी टीम गेली!"

नाथाला खरंच रडू आलं. दोन वर्षं वाट पाहून हे असं टपरीवर कळावं! शेखर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. अल्तमश दोघांकडे टकमका बघत होता. गाडी चुकली म्हणून रडणारी माणसं त्यानं आजवर पाहिली नव्हती.

शेवटी चिमाजीबाबांनी स्टोव्हवरून मान वर केली. "मी काय म्हणतो, रडून काय व्हायचंय? दुसरी कमांडर हे की चारला. पण तवर तुमचा पिक्चर सुरू होऊन जाईल, त्याला इलाज नाय."

तेव्हा कुठं दोघांच्या डोक्यात उजेड पडला. पिंपळगावला जाणारी जुनी जीप. कमांडर! जन्मापासून तिच्या टपावर बसून बाजाराला जाणाऱ्या पोरांना ती आज आठवली नाही. देवदर्शनाला निघालेली मंडळी मिळाली, गाडी गच्च भरली, आणि ती फाट्यावर न येताच वीस मिनिटं आधी परस्पर निघून गेली, एवढीच काय ती बातमी होती.

"म्हणजे जीप गेली!" नाथा ताडकन उठला. "शेखऱ्या, जीप गेली रे!" गाडी चुकल्याचा इतका आनंद त्या फाट्यावर कधी कुणाला झाला नसेल. त्यानं अल्तमशला उचलून गरागरा फिरवलं.

"सोड, गर्मीत मारशील!" अल्तमश हसत म्हणाला. "सलाउद्दीन मामूचा टेम्पो नाशिकला चाललाय. थांबवून ठेवलाय तिकडं. तेच सांगायला पळत आलो होतो, पण तुम्ही बोलू द्याल तर ना! चला, बसा पटापट, मी पण येतोय गोण्या उतरवायला."

तिघंही टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर चढले. टेम्पो हायवेला लागला तसं नाथाचं मन भरून आलं. त्यानं अल्तमशचा हात हातात घेतला.

"माफ कर भो. वाटलं, तू शेवट फोडलास. आठ दिवस तुला शिव्या घातल्या मनातल्या मनात. तू दिलाचा मोठा हेस."

अल्तमश ओशाळला. शेवभाजी त्याला आता पचेना.

"आता तू एवढं म्हणतोस तर खरं सांगतो," तो म्हणाला. "मला शेवट ठाऊकच नाय. तुमची कमांडर मेली अन् मी जो झोपलो, तो थेट दिवे लागल्यावर उठलो."