दोन वर्षं कोरलेलं नाणं

शॉमबर्गच्या आमच्या गल्लीत पैज लागली. पोरं तासभर फोन सोडून नाण्यांत रमली, तर शेजारचा प्रसाद नऊवारी नेसून नाचणार, नाहीतर मी. मी वजनावर मिळणारी स्वस्त परदेशी नाणी ओतली. पोरं तुटून पडली.

"काका, धिस इज मी!" प्रसादची इशिता ओरडली.

नाण्यावर तिचाच चेहरा. खाली, मेलेल्या राजांच्या नाण्यांवर असतात तशी दोन वर्षं. एक तिच्या जन्माचं, दुसरं चालू.

आज एकतीस डिसेंबर.

"भारी प्रँक, यार!" प्रसाद हसला.

"आईशप्पथ, मी नाही केलं!" पण दिवाळीत साबणाची बर्फी खिलवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

तास भरायच्या आतच मी पोरांसमोर हात पसरले. "बरं, हरलो मी. नाणी परत द्या."

इशिता सोडून सगळ्यांनी दिली.

मी ड्राइव्हवेवर नऊवारीत नाचलो. गल्ली शिट्ट्या मारत होती. इशिता मूठ घट्ट आवळून खदखदून हसत होती.